जुन्या गाडीला घरी रंग: छटा नंतर, जात आधी

मराठीत आपली एक अडचण आहे. छटेलाही आपण रंग म्हणतो आणि डब्यातल्या द्रवालाही रंगच म्हणतो. त्यामुळे "गाडीला कोणता रंग देताय?" असं विचारलं की समोरचा सांगतो, "क्रीम", किंवा "तो जुना आकाशी". छटा ठरवायला मन लागतं, ते ज्याचं त्याने बघावं. आज आपण दुसऱ्या रंगाबद्दल बोलणार आहोत: डब्यात काय आहे, ते कसं वाळतं, आणि ते घरच्या आवारात मारावं की नाही.

उदाहरणाला आपण पद्मिनी घेऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, आणि तेव्हापासून आजोबांची झाकून ठेवलेली फियाट बाहेर काढावी असं अनेकांना वाटू लागलं. पत्रा साधा, आकार सोपा, सुटे भाग अजून मिळतात. घरी काम करण्यासारखी गाडी आहे. अँबेसिडर, हेराल्ड, जुनी जीप यांनाही बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

रंगाच्या जाती पुष्कळ आहेत, पण घरच्या कामापुरत्या तीनच लक्षात ठेवू: लॅकर, एनॅमल आणि टू-के. नावं पाठ करू नका. तिन्ही वाळतात कसे, तेवढं कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

लॅकर म्हणजे आपल्याकडचा एनसी पेंट. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. थिनर उडून जातो आणि रंग मागे राहतो, बस. आत कुठलीही रासायनिक क्रिया होत नाही. मीठ विरघळवून पाणी आटवलं की मीठ उरतं, तसं. आणि त्या मिठावर परत पाणी टाकलं की ते परत विरघळतं, तसंच लॅकरचंही आहे. दहा वर्षांनी थिनर लावा, रंग सुटतो. हा त्याचा दोषही आहे आणि मोठा गुणही, त्याकडे येऊच.

एनॅमल, म्हणजे सिंथेटिक एनॅमल, दुकानात ज्याला नुसतं 'ऑइलपेंट' म्हणतात तो. यात आधी टर्पेंटाइन उडतं आणि मग हवेतला ऑक्सिजन घेऊन रंग हळूहळू घट्ट होतो. वरून साय धरते, आतून ओला राहतो. दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला म्हणून फसू नका. पुरता कडक व्हायला आठवडे लागतात.

आणि टू-के म्हणजे दोन भागांचा पीयू. रंगात हार्डनर मिसळायचा, त्या क्षणापासून घड्याळ सुरू. दोघांची क्रिया होऊन जाळं तयार होतं. एकदा जमलं की थिनर, पेट्रोल, ऊन, कशालाच दाद देत नाही. आजचं जवळजवळ प्रत्येक गॅरेज हेच मारतं. मेटॅलिक असेल तर खाली बेसकोट आणि वर टू-के क्लिअर.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातूनच उत्तर निघतं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात बग्ग्यांसारखंच व्हार्निश मारायचे, आणि एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे लागायचे. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनीने बंदुकीच्या दारूसाठी नायट्रोसेल्युलोजचे अवाढव्य कारखाने उभे केले होते. युद्ध संपलं, कारखाने उरले. त्यातूनच पुढे ड्युको नावाचं लॅकर आलं आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर ते पहिल्यांदा झळकलं, निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे हे नाव इतकं रुळलं की सुतारसुद्धा कपाटाला "ड्युको मारू का?" विचारतो, मग डबा कोणत्याही कंपनीचा असो. सांगायचा मुद्दा असा की एनसी हा रंग भट्टीशिवाय, साध्या हवेत, पटकन वाळावा म्हणूनच जन्मला. घरच्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

आता घरात काय होतं ते बघू. घरच्या स्प्रेमध्ये धूळ बसणार, डास बसणार, ओघळ येणार, संत्र्याच्या सालीसारखा पोत येणार. हे गृहीतच धरा. एनसीमध्ये यातलं काहीही झालं तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉटरपेपर घेऊन, पाणी मारत घासून काढता येतं आणि परत हात मारता येतो. नवा हात जुन्या हाताला थोडा विरघळवून त्यातच मिसळतो, सांधा दिसत नाही. शेवटी बारीक पेपर, मग कंपाउंड, मग पॉलिश, आणि चकाकी येते ती गनमधून नाही, मनगटातून. आठ-दहा पातळ हात मारा, वेळ द्या, आणि नवशिक्याचं कामही सुरेख दिसतं.

एनॅमलमध्ये ही सवलत नाही. गनमधून येतानाच चकाकी घेऊन येतो, त्यामुळे दोन-तीन हातांत काम दिसायला लागतं, पण त्यात बसलेला डास तिथेच राहतो. शिवाय एक अडचण पुस्तकांत तळटीपेत असते आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त नडते. पहिला हात अर्धवट वाळलेला असताना दुसरा मारला तर खालचा फुगून सुरकुततो, अगदी दुधावरच्या सायीसारखा. एक तर डब्यावर लिहिलेल्या तासांच्या आत मारा, नाही तर पुरता कडक होऊ द्या. मधल्या दिवसांत हात लावू नका.

मग एनॅमल कुणी घ्यावा? आमच्या मते जीप, ट्रेलर, शेतावरची गाडी, चॅसी, चाकांच्या डिश, यांना तो छान. आणि एनॅमल ब्रशने किंवा बारीक फोमच्या रोलरनेही लावता येतो. रोलर म्हटलं की लोक हसतात. पण पातळ करून, प्रत्येक हातानंतर वॉटरपेपर मारत सहा-सात हात दिले तर जीपवर ते काम अजिबात वाईट दिसत नाही, आणि हवेत फवारा उडत नाही. सोसायटीत राहणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर फवाऱ्याचं सांगून टाकू. गनमधून निघालेला सगळा रंग पत्र्यावर बसत नाही, बराचसा हवेत जातो. एनसीचा उडालेला रंग हवेतच वाळतो आणि भुकटी होऊन पडतो, बहुतेक वेळा फडक्याने पुसला जातो. एनॅमल आणि टू-के मात्र ओलेच उडतात आणि शेजारच्या गाडीवर जाऊन चिकटतात. शेजारच्या काकांची नवी पांढरी गाडी तिथे उभी असेल तर पुढची सगळी वर्षं तुम्हाला तोंड चुकवून जिना उतरावा लागेल.

आता टू-के. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण आज या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मनात टू-केच ठरवून ठेवलाय, हे चेहऱ्यांवर दिसतंय.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नावात सायनाइडसारखं काहीतरी ऐकू येतं म्हणून काही जण घाबरतात. ते वेगळं, याचा त्याच्याशी संबंध नाही. भोपाळला १९८४ मध्ये जो वायू सुटला तो याच घराण्यातला, मिथाइल आयसोसायनेट. पण तो अत्यंत उडणारा, आणि रंगातलं आयसोसायनेट जड, सहसा न उडणारं. त्यामुळे डब्याजवळ उभं राहून तसा फार धोका नाही, हे खरं. घोळ स्प्रे गनमध्ये आहे. जे स्वतः उडत नाही त्याचे बारीक कण करून गन ते हवेत सोडते, आणि आपण ते श्वासातून घेतो.

आणि या विषाची रीत विचित्र आहे. बऱ्याच जणांना पहिल्यांदा काहीच होत नाही, दहा वेळाही होत नाही. मग शरीर कधीतरी त्याला ओळखायला शिकतं, आणि त्यानंतर अगदी थोड्या मात्रेनेही छाती आवळते, घरघर लागते, दमा होतो. कधी कधी त्रास लगेच न होता रात्री सुरू होतो, त्यामुळे माणसाला रंगाशी त्याचा संबंधच लागत नाही. एकदा हे झालं की त्या माणसाने पुन्हा टू-केच्या आसपास जायचं नाही, आयुष्यभर. स्प्रे पेंटरांमध्ये व्यवसायातून होणाऱ्या दम्याचं हे जगभर ओळखलेलं कारण आहे.

मागून प्रश्न आला, "मास्क लावला तर?" चांगला प्रश्न आहे. कापडी मास्क किंवा नाकाला बांधलेला रुमाल यांचा उपयोग शून्य. दोन डब्यांचा कार्बन मास्क थिनरच्या वासासाठी चांगला. एनसीला तो लावाच लावा. पण आयसोसायनेटला वास नाही म्हटलं तरी चालेल. नाकाला कळेल त्याच्या कितीतरी आधी ते घातक मात्रेला पोचलेलं असतं. मास्कचा डबा संपला, चेहऱ्याशी फट राहिली, दाढी आहे, यातलं काहीच तुम्हाला कळणार नाही. म्हणून व्यावसायिक कामात बाहेरून स्वच्छ हवा नळीने आणणारा मास्क लागतो, आणि हवा ओढून घेणारा बूथ लागतो. फवारा डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असंही नाही. त्यामुळे "गन बंद केली, आता मास्क काढला" हेही चालत नाही. त्वचेवरूनही ते अंगात जाऊ शकतं, म्हणजे हातमोजे आणि पूर्ण अंग झाकणारा सूट आला. आणि खालच्या पार्किंगमध्ये फवारा उडत असताना वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या माणसाने तर कुठलाच मास्क लावलेला नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: टू-केचा स्प्रे घरी नको. रंग वाईट आहे म्हणून नव्हे. उलट टिकण्यात त्याच्या जवळपास कुणी नाही. रोज चालवायची गाडी असेल, उन्हात उभी राहणार असेल, मेटॅलिक छटा असेल तर टू-केच घ्यावा. पण मग कामाची वाटणी करा. पत्रा, गंज, लांबी, घासाई, हे सगळं घरी, आणि शेवटचे हात बूथ असलेल्या गॅरेजमध्ये. रंगकामात खरी मेहनत आणि खरा खर्च तयारीचा असतो. ती तुम्ही केलीत तर गॅरेजवाल्याचं बिल निम्म्याहून बरंच खाली येऊ शकतं, आणि गाडी मी केली असं सांगण्याचा तुमचा हक्कही शाबूत राहतो. आधी गॅरेजवाल्याशी बोलून घ्या मात्र. दुसऱ्याने केलेल्या तयारीवर हात मारायला काही जण तयार नसतात, आणि त्यांचंही बरोबर आहे.

हल्ली टू-के क्लिअर स्प्रेच्या कॅनमध्येही मिळतो, खालची कळ दाबून हार्डनर आत सोडायचा. कॅन लहान म्हणून धोका लहान होत नाही, तिथेही आयसोसायनेटच आहे.

बरं, एनसी म्हणजे निर्धोक असंही कुणी घरी जाऊन सांगू नका. त्याचा धोका आगीचा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून पाण्यासारखी सरपटत जाते आणि गीझर, गॅसची शेगडी, काँप्रेसरचं बटण, जिथे ठिणगी असेल तिथे भेटते. मोकळी हवा, दारं उघडी, आणि काँप्रेसर लांब ठेवून पाइप आत, हे किमान. एनसीची वाळलेली भुकटीही चटकन पेट घेते, ती रोज झाडून काढा. एनॅमलचे बोळे आणि फडकी तर आपोआप तापून पेटल्याची उदाहरणं आहेत. ती ढीग करून ठेवू नका, पाण्यात बुडवून बाहेर ठेवा.

आता हवामान. एनसी घ्यायचं ठरलं तर पावसाळा सोडा. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पत्रा थंड पडतो. आपण हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार वाटतं ना, तेच. हवेत दमट असेल तर त्या गार पत्र्यावर दव धरतं, रंगात पाणी शिरतं आणि सगळं पांढुरकं, दुधाळ होतं. कारागीर म्हणतात, "रंग पांढरा आला." असं झालं तर हळू उडणारा थिनर, ज्याला रिटार्डर म्हणतात, तो घालून एक हलका हात मारला की बरेचदा परत साफ होतं, कारण लॅकर परत विरघळतं ना. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असावं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, हा साधा हिशोब. पुण्या-नाशकाकडे दिवाळी ते होळी हा उत्तम काळ. तेही सकाळी दव उडाल्यावर. कोकणात, मुंबईत डिसेंबर-जानेवारीतली दुपार गाठावी. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास: पत्रा इतका तापतो की रंग पत्र्यावर बसायच्या आत वाळतो आणि हात खरखरीत लागतो. शिवाय वारा आणि धूळ आहेच.

एक गोष्ट मात्र जात निवडायच्याही आधी बघायची: गाडीवर आत्ता काय आहे? पद्मिनीच्या अंगावर पन्नास वर्षांत किती जणांनी काय काय चढवलंय ते कुणालाच माहीत नसतं. पांढरं सुती फडकं घ्या, एनसी थिनरमध्ये भिजवा आणि डिकीच्या आत, कोपऱ्यात घासा. रंग फडक्यावर उतरला तर लॅकर आहे. फुगला, सुरकुतला तर एनॅमल. काहीच झालं नाही तर बहुधा टू-के, किंवा कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला रंग. हे कळल्यावर नियम असा की एनॅमलवर एनसी कधीच मारायचा नाही. त्यातला कडक थिनर खालच्या एनॅमलला उचलून काढतो. एनसीवर एनॅमल चालतो, कारण टर्पेंटाइन सौम्य असतं. कडक झालेल्या, नीट घासलेल्या टू-केवर एनसी चालतो.

खाली एनॅमल निघाला आणि तुम्हाला एनसीच हवाय, तर दोन वाटा. सगळं काढून पत्र्यापर्यंत जायचं, किंवा मध्ये इपॉक्सी प्रायमरचा पडदा द्यायचा. इपॉक्सीही दोन भागांचा असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट नसतं. डब्यावर वाचून खात्री करा, आणि हातमोजे तरीही घाला, त्याचीही ॲलर्जी येते. आमचा कल सगळं काढण्याकडे असतो. थरांवर थर चढत गेले की एनसी तडकतो, जुन्या तळ्याच्या तळासारखा. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. कुठे त्याच्या तिप्पट-चौपट निघाली तर खाली लांबीचं पोतंच आहे असं समजा, आणि ते उकरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उकरताना मात्र कोरडं घासू नका. जुन्या रंगांत, खासकरून पिवळ्या आणि लाल छटांमध्ये, शिसं असू शकतं. आपल्याकडे शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. तेव्हा जुन्या गाडीच्या अंगावर शिसं आहे असंच धरून चालावं. पाणी मारत घासा, चिखल गोळा करा, आणि लहान मुलं त्या कोपऱ्यात खेळणार नाहीत असं बघा. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिशही त्या काळात गाडीजवळ आणू नका. त्याचा एक थेंब पत्र्यावर राहिला तर रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. त्यावर घासण्यावाचून इलाज नाही.

एक शेवटचं विचारतात: मूळ रंग चांगला असेल तर? तर हात लावू नका, असं आम्ही म्हणू. थोडा मळलेला, दोन ठिकाणी पातळ झालेला, पण कारखान्याचाच रंग अंगावर असलेली गाडी आता दुर्मीळ होत चाललीय. एकदा घासला की तो परत मिळत नाही. टचिंग करा, कंपाउंड मारा, मेण लावा.

प्रश्नांना थोडा वेळ आहे. हो, ताई, विचारा.

"घराबाहेर उन्हात उभी राहणार असेल तर एनसी किती टिकेल?" उन्हात उघड्यावर असेल तर दोनेक वर्षांत फिका पडायला, भुकटी सुटायला लागेल. वर्षातून एक-दोनदा पॉलिश आणि मेण हवंच. पेट्रोलच्या झाकणाभोवतीही जपा, सांडलेलं पेट्रोल एनसीला डाग पाडतं. सांडलं की लगेच पुसा. छप्पर नसेल तर मघाशी सांगितलेली वाटणी करा आणि बूथमध्ये टू-के मारून घ्या.

दुसरा प्रश्न, छटा बदलली तर चालेल का? आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची जी सोय आहे, तिच्यासाठी गाडीत भरीव फेरफार झालेले चालत नाहीत. तिकडे जायचा विचार असेल तर डिकीच्या आतला, गालिच्याखालचा मूळ रंगाचा एक तुकडा न घासता तसाच ठेवा. छटा जुळवायलाही तोच उपयोगी पडतो, कारण बाहेरचा उन्हाने उडालेला असतो. दुकानात जाताना फोनवरचा फोटो नेऊ नका, पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून न्या.